आरशातलं विमान

विमानतळावर त्याला सगळे पुढारी म्हणत. राजकारणाशी त्याचा संबंध मतदानापुरता. पण एकोणीस वर्षं तो विमानांच्या पुढे गाडी चालवत होता, तेवढ्यावर नाव चिकटलं. काम सांगायला सोपं. धुकं असेल किंवा वैमानिक नवखा असेल, तर उतरलेल्या विमानापुढे पिवळी गाडी जाते. तिच्या टपावर ‘मागे या’ अशी पाटी असते. पाटी पेटलेली असली की विमानाने मागे यायचं. विझलेली असली, तर ती चार चाकांची कुठलीही गाडी.

“हवेत वाघ असतात गं,” तो बायकोला सांगायचा, “जमिनीवर आले की बोट धरावं लागतं.”

“आणि तुम्ही घरात आलात की चष्मा शोधून द्यावा लागतो,” ती म्हणायची.

पाटीचा खटका स्टिअरिंगच्या शेजारी, आणि त्याच्या डोक्यावर एक बारीक लाल दिवा. खटका पाडला की दिवा विझायचा. पाटी मात्र कधीकधी तशीच पेटलेली राहायची. वर्कशॉपमध्ये नेलं की खटका शहाण्यासारखा वागे, त्यामुळे पुढारीच्या दोन तक्रारी ‘दोष आढळला नाही’ असा शेरा घेऊन परत आल्या. म्हणून विमान जागेवर लागलं की तो खटका पाडायचा, खाली उतरायचा, मागे जाऊन पाटी विझल्याचं डोळ्यांनी बघायचा आणि मगच निघायचा. असं कर म्हणून कुणी सांगितलेलं नव्हतं. “साहेब निघाले पाहणी दौऱ्यावर,” शेडमधले ओरडत. तोही हात हलवून जनतेला अभिवादन करी.

त्या सकाळी जग गाडीच्या काचेपाशीच संपत होतं. एक विमान जागेवर लावून तो शेडकडे परत निघाला होता. जमिनीत बसवलेले हिरवे दिवे एकामागून एक उगवत आणि चाकांखाली जाऊन विझत. कुठेतरी इंजिनं चालू होती, पण आवाज कोणत्या बाजूने येतो ते कळत नव्हतं. तो सगळीकडूनच, कापसातून आल्यासारखा येत होता. हीटरची ऊब पायांवर होती. आपण जागच्या जागी आहोत आणि दिवेच खालून वाहत चाललेत, असं त्याला वाटायला लागलं. सहज आरशात पाहिलं, तर आरशात विमानाचं नाक होतं. पांढरं, गोल, वासरासारखं निमूट मागे येणारं.

त्याने वायरलेस उचलला. “टॉवर, माझ्यामागे विमान लागलंय.”

“तुमच्यामागे कुणी नाही. तुम्ही शेडकडे चाललाय.”

“आरशात आहे ना!”

“कोणतं विमान?”

“नाव कसं सांगू? नाकच दिसतंय नुसतं!”

टॉवरवरच्या बाईंना काचेबाहेर धुक्याशिवाय काही दिसत नव्हतं, पण त्यांनी वाद घातला नाही. एका दमात त्यांनी जमिनीवरची सगळी विमानं जागच्या जागी थांबवली. नाक डोलून थांबलं. थोड्या वेळाने समोर, त्याच रस्त्यावर, आणखी एका विमानाचे दिवे पुसट दिसले. तो रस्ता मोकळा आहे म्हणूनच टॉवरने त्या विमानाला सोडलं होतं. दोन विमानांमधलं अंतर नंतर टेप लावून मोजलं: पंच्याऐंशी मीटर.

झालं होतं ते असं. धावपट्टीवरून बाहेर पडलेल्या विमानाला रेघेवर थांबायला सांगितलं होतं. त्याच्यासाठी दुसरी गाडी येणार होती. ती यायच्या आधी पुढारी समोरून गेला. कॅप्टनला पिवळी गाडी दिसली आणि टॉवरला न विचारता तो तिच्यामागे निघाला. पाटी पेटलेली होती, आपण अक्षरं वाचली, असं त्याने लिहून दिलं. तसं असेल, तर पुढारीचा परवाना जाणार होता. गाडी तपासली, तेव्हा खटका पुन्हा शहाण्यासारखा वागला.

“बंद होती म्हण आणि मोकळा हो,” शेडचा सुपरवायझर म्हणाला. “तू रोज बघतोस, हे अख्ख्या शेडला माहितीये.”

चौकशीच्या आदल्या संध्याकाळी तो खुर्चीत डोळे मिटून बसला. खटका पाडल्याचं बोटांना आठवत होतं. मग आपण गाडीमागे उभे आहोत, वर विझलेली पाटी, हेही दिसलं, अगदी लख्ख. पण पाटीमागे निळं आभाळ होतं. ती आठवण दुसऱ्याच कुठल्या तरी दिवसाची होती. त्याने पुन्हा पुन्हा डोळे मिटून पाहिलं. धुकं असलेली एकही सापडेना.

“झोपलात का?” बायकोने विचारलं.

“शोधतोय.”

“चष्मा डोक्यावर आहे.”

चौकशीच्या खोलीत टेबलाच्या पलीकडे कॅप्टन बसला होता. पिकलेले केस, नखं नीट कापलेली. अधिकाऱ्याने विचारलं, “पाटी बंद होती?”

“माहीत नाही, साहेब.”

“म्हणजे?”

“खटका पाडला होता. पण रोज उतरून बघतो, तसा त्या दिवशी उतरलो नाही. आतून काच पुसत बसलो आणि तसाच निघालो.”

अधिकाऱ्याचं पेन थांबलं. कॅप्टनने टेबलावरचा आपला जबाब पुढे ओढला. मग म्हणाला, “माझा जबाब बदलायचाय. गाडी दिसली, हे खरं. अक्षरं वाचली, हे... मला पुढे गाडी हवी होती, आणि ती आली. उरलेलं मी धरून चाललो.”

पेटलेली की विझलेली, हे कधीच ठरलं नाही. कॅप्टनला दोन महिने विमान मिळालं नाही, पुन्हा प्रशिक्षण. पुढारीचा परवाना पंधरा दिवस जमा झाला. खटका नवा बसला, आणि गाडीमागे जाऊन पाटी बघायची, हे आता सगळ्या ड्रायव्हरांच्या नियमात लिहिलं गेलं. शेडमधले त्याच्या नावाने खडे फोडत होते.

“पंधराच?” बायको म्हणाली. “महिना तरी द्यायला हवा होता. माळा आवरून झाला असता.”

पहिल्या सकाळी तो सवयीने लवकर उठला आणि खिडकीत बसला. बाहेर पुन्हा धुकं होतं. लांबवर एक विमान उतरलं. चाकं टेकल्यावर इंजिनांची गर्जना वाढली आणि विरत गेली. तो कान देऊन बसला. विमान उतरल्याचं घरातून ऐकू येतं. पुढे ते कुठे वळलं, ते ऐकू येत नाही.