लष्करातली वर्षं

धुळ्याच्या एका सरकारी कचेरीत वडिलांच्या पेन्शनसाठी गेलो होतो. बाकावर शेजारी शिंदखेड्याकडच्या एक बाई होत्या. आधी लष्करात नर्स, नंतर सरकारी दवाखान्यात. दवाखान्यातली नोकरी पेन्शनला कमी भरत होती. लष्करातली वर्षं जोडली, तरच पेन्शन बसणार होती.

"अक्का, ती नोकरी वेगळी, ही वेगळी," कारकून म्हणाला. "एकरकमी मिळतंय ते घ्या अन् मोकळ्या व्हा."

बाईंनी पदर कमरेला खोचला. "बर्फात जवानांच्या जखमा बांधल्या, तेव्हा सरकार दुसरं होतं का? आजबी तेच शे ना, भाऊ?"

कारकून हसून जेवायला उठला. बाईंनी मला उठवून आमचा बाक ओढत साहेबांच्या दारात आडवा लावला आणि पाठ ताठ करून बसल्या. साहेबांना बाहेर पडता येईना.

"किती वेळ बसणार?" ते चिडले.

"माझ्या नोकरीचा दाखला मागायला लष्कराकडं पत्र जाईपर्यंत."

संध्याकाळी पत्र गेलं. त्यावर शिक्का पडताना बाई शेजारी उभ्या होत्या.

जिन्यात मी म्हणालो, "होईल मंजूर, अक्का."

त्या थांबल्या. "आपोआप नाही होणार, भाऊ. मी करून घेईन."