लिंबू कशामुळे मेला

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, देवालाही नाही — त्याला माहीत असेल तर असो, माझ्या तोंडून त्याने ऐकलेलं नाही. तुमची-माझी ओळख नाही, म्हणून तुम्हाला सांगणं जमेल असं वाटतंय. बघू. याआधी दोनदा लिहायला बसलो आणि दोन्ही वेळा उठून गाडी धुवायला गेलो.

आधी सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट सांगतो. मी तापट माणूस. सांगलीत वाढलो, वडिलांचा मार खाऊन वाढलो, आणि त्यात काही विशेष आहे असं आमच्या गल्लीत कुणालाच वाटत नव्हतं. पुढे अमेरिकेत, अल्फारेटाला आलो, नोकरी झाली, घर झालं, मुलगी झाली — ईरा. हात मात्र तोच राहिला. ईरा अकरा वर्षांची असताना मी तिच्या कानाखाली वाजवली. कारण? दुधाचा ग्लास. तीनदा सांगूनही तिने तो उचलला नव्हता. दुसऱ्या दिवशी शाळेत तिच्या बाईंना गालावर चार बोटं दिसली, आणि आठवड्याच्या आत काउंटीच्या बालसंरक्षण खात्यातल्या एक बाई फाइल घेऊन आमच्या सोफ्यावर येऊन बसल्या. अनघाने, माझ्या बायकोने, त्यांना चहा विचारला. त्यांनी नको म्हटलं. ईराने त्यांना सांगितलं की गाडीचं दार लागलं. एवढीशी पोर, माझ्याकडे न बघता, स्पष्ट आवाजात माझ्यासाठी खोटं बोलली.

बाई गेल्यावर मी देवघरासमोर उभा राहिलो आणि म्हणालो, पुन्हा घरात कुणावर हात उचलणार नाही. आणि नाही उचलला. अनघा इथल्या मराठी मंडळात अजून कौतुकाने सांगते, "लोक काशीला जाऊन आवडती भाजी सोडतात, आमच्या ह्यांनी राग सोडला." बायका हसतात, पुरुष माझ्या पाठीवर थाप मारतात. मीही हसतो. पण राग असा सुटतो का हो? भेंडी सोडल्यासारखा?

ईराच्या तेराव्या वाढदिवसाला आम्ही तिला सरडा घेऊन दिला. कॅमेलिअन म्हणायचं, असं तिने बजावलं होतं, पण अनघाच्या लेखी तो सरडाच. पोपटी रंगाचा, डोक्यावर तुरा, म्हणून ईराने नाव ठेवलं लिंबू. "स्वयंपाकघराच्या आसपास तो प्राणी मला नको," असं अनघाने जाहीर केल्यावर त्याचा पिंजरा बेसमेंटमध्ये गेला. माणूसभर उंच, चारही बाजूंनी जाळी, आत फांद्या आणि मनीप्लांटचे वेल. तेव्हा आमचं ऑफिस घरूनच चालायचं आणि माझं टेबलही बेसमेंटमध्येच होतं. पिंजऱ्यापासून पाच-सहा पावलांवर.

सरड्याबद्दल मला एवढंच माहीत होतं की तो दिसला की दगड मारायचा. आम्ही पोरं मारायचो. तो कुंपणावर बसून मान वरखाली करतो, म्हणजे आपल्याला चिडवतो, असं आमच्यात पक्कं ठरलेलं होतं. कुणी ठरवलं, कोण जाणे. नेम चांगला होता माझा.

लिंबूबद्दल जे काही शिकलो ते ईराकडून. सकाळी सातला ती दिवा लावायची. मग तो रात्रभराचा गारठलेला जीव एकेक पाय जपून टाकत सगळ्यात वरच्या फांदीवर जायचा, अंग चपटं करायचा आणि दिव्याकडची बाजू गडद करून ऊब प्यायचा. मी म्हटलं, आळशी आहे तुझा सरडा. ती म्हणाली, "बाबा, ही इज नॉट लेझी. तो बास्किंग करतोय. अंग गरम नाही झालं तर त्याला खाल्लेलं पचतच नाही." भीती वाटली की तो काळपट पडतो. फांदीच्या पलीकडच्या बाजूला सरकतो, इतका बारीक होतो की फांदीच दिसावी. दुखलं-खुपलं तरी लपवतो, कारण जंगलात आजारी दिसणारा आधी खाल्ला जातो. हे सगळं ती वहीत लिहायची. कधी वर आला, किती वेळ बसला, कधी लपला. मोठेपणी प्राण्यांची डॉक्टर होणार होती ती. मला ते पसंत नव्हतं, पण हात उचलणं सोडल्यापासून मी तोंडही आवरतं घेतलं होतं.

आता मुद्द्यावर येतो. येतोय.

एका सकाळी साडेसहाला भारतातल्या टीमबरोबर कॉल होता. माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान मॅनेजरने सगळ्यांसमोर माझं वाक्य मध्येच तोडलं. मी हसून "शुअर" म्हटलं, म्यूट केलं आणि मान वळवली, तर लिंबू एका डोळ्याने माझ्याकडे बघत होता. दुसरा डोळा भलतीकडेच. मी उठलो आणि जाळीवर जोरात थापड मारली. तो फांदीवरून अर्धा घसरला, काळा पडला, तोंड वासून फुसफुसला. आणि मला — हे लिहायला जड जातंय — मला बरं वाटलं. घरात मला कुणी घाबरेनासं झालं होतं. हा घाबरला.

मग रोजचंच झालं. टेबलावर स्टीलची फुटपट्टी होती, तिने मी त्याच्या फांदीवर फटके मारायचो. नंतर फांदी सोडून त्याच्यावर. दिवा लागायच्या आधी तो गारठलेला असायचा, पळणं त्याला जमायचं नाही, हेही मला ईरानेच शिकवलेलं. म्हणून मी तीच वेळ धरायचो. शेपटीला धरून ओढलं तर तो पायांनी फांदी घट्ट पकडायचा. मी आणखी ओढायचो. एकदा त्याचं नख उपटून आलं. मी ते कचऱ्यात टाकलं, हात धुतले आणि वर जाऊन पोहे खाल्ले. हे वेडाच्या भरात चाललं होतं असं समजू नका. कॉलवर कॅमेरा चालू असेल त्या दिवशी मी काही करत नव्हतो.

ईराला नख दिसलं. तिने वाचून काढलं की जाळीत अडकून नखं तुटतात, आणि शनिवारभर बसून जाळीला आतून मऊ कापड लावलं. तो सकाळी वर यायचा बंद झाला, तर तिने बल्ब बदलला. खाणं कमी झालं, तर किडे बदलले. प्रत्येक वेळी चूक आपली असणार असंच ती धरून चालायची. एकदा ती नाचत जेवायला आली. "बाबा, आय फिगर्ड इट आउट! वीकएंडला तो कितीतरी वेळ बास्क करतो, आणि शाळेच्या दिवशी नुसता लपून बसतो. ही मिसेस मी!" वहीत तिने आठवड्यांचे रकाने आखले होते आणि शनिवार-रविवार हिरव्या पेन्सिलीने रंगवले होते. शनिवार-रविवारी मला ऑफिस नसायचं, मी खाली जात नसायचो. अनघा म्हणाली, मुकं जनावर, पण माया कळते बघा. मी आमटी वाढून घेतली.

त्याने माझ्यावर विश्वास ठेवावा म्हणून ईरा मलाही शिकवायची. हळू ये बाबा, समोरून ये, हात खालून धर. मी तिच्यादेखत हातावर किडा धरून उभा राहायचो. लिंबू मनीप्लांटच्या मागे काळाठिक्कर. ती मलाच समजवायची, "टाइम लागतो, बाबा. यू आर डूइंग ग्रेट."

मार्चमधला मंगळवार. तो आता लपूनच राहतो, तर ऊब त्याच्यापर्यंत पोचवू, म्हणून ईराने आदल्या संध्याकाळी टेपने मोजून दिवा थोडा खाली आणला होता. अनघा कामावर, ईरा शाळेत. दहाच्या कॉलवर मला सांगण्यात आलं की माझा प्रोजेक्ट ज्याला मी शिकवून तयार केला त्याच्याकडे जातोय, आणि मी त्याला मदत करावी. मी म्हणालो, हॅपी टू हेल्प. कॉल संपला. वळून पाहिलं तर लिंबू कितीतरी दिवसांनी उजेडात आलेला. दिव्याखालच्या फांदीवर अंग चपटं करून, डोळे मिटून बसला होता. ईराची युक्ती लागू पडली होती.

त्याला तसं निवांत बघून माझं डोकं का फिरलं? काय केलं होतं त्याने? नुसता ऊब घेत होता. मी दार उघडून त्याला मुठीत पकडला. तो चावला, पहिल्यांदाच. मी त्याला बेसमेंटच्या सिमेंटच्या भिंतीवर फेकला. तो खाली पडला आणि पाय हलवत राहिला, हवेत फांदी शोधल्यासारखे. मी त्याला उचललं आणि पुन्हा फेकलं. पहिली फेक रागाची होती असं म्हणता येईल. दुसरीच्या वेळी मी शांत होतो. त्याचं वजन हाताला नीट जाणवलं होतं.

मग भिंत पुसली. त्याला दिव्याखालच्या फांदीवर ठेवलं, नखं सालीत अडकवली आणि साडेदहाच्या मीटिंगला बसलो. दिवा चालूच होता. दुपारपर्यंत त्याच्या तुऱ्याची कातडी भाजून पांढरी पडली, जरासा वासही सुटला. मी बघत होतो. बंद केला नाही. त्याचा उपयोग होणार हे मला कळत होतं.

साडेतीनला ईरा आली आणि दप्तरासकट खाली धावली. ती ओरडली तसा मी खुर्चीतून उठलो — जणू आत्ताच बघतोय — आणि म्हणालो, "अगं, दिवा किती खाली आणलास तू?"

एवढंच म्हणालो. पुढचं सगळं तिचं तिनेच केलं. टेप आणून दिव्यापासून फांदीपर्यंत मोजलं. पुन्हा मोजलं. वही उघडून काल लिहिलेला आकडा काढला. मग जमिनीवर बसली आणि त्या मेलेल्या जीवाला सॉरी म्हणत राहिली. मलाही सॉरी म्हणाली. मी तिला जवळ घेतलं. माझ्या अंगठ्यावर चावल्याची खूण होती, म्हणून मूठ बंद ठेवली. माझ्या खांद्यावर डोकं ठेवून ती अर्धा तास रडली, आणि मी तिच्या पाठीवरून हात फिरवत होतो.

कुंपणाजवळ आम्ही त्याला पुरलं, खड्डा मी खणला. वही तिने कागदाच्या कचऱ्यात टाकली. ती मी काढून सगळी वाचली. माझ्या प्रत्येक वाईट दिवसाची तिच्या अक्षरात नोंद होती, फक्त त्यात माझं नाव नव्हतं. वही मी परत डब्यात टाकली.

प्राण्यांच्या डॉक्टरकीचं नाव तिने पुन्हा काढलं नाही. कंप्युटर सायन्स घेतलं. मला तेच हवं होतं, आणि मला तेव्हा आनंद झाला, हेही लिहून ठेवतो. शेजाऱ्यांनी एकदा दोन दिवसांसाठी मांजर सांभाळायला विचारलं, तर तिने हात मागे घेतले. आता ती वीस वर्षांची आहे.

परवा थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीला ती घरी आली होती. मंडळातल्या एक मावशी आल्या होत्या. त्यांनी सहज विचारलं, "काय गं, तू तर व्हेट होणार होतीस ना?"

ईरा हसली. "नाही मावशी, आय किल्ड माय ओन पेट. माझ्या हातून भाजून मेला तो." मावशी म्हणाल्या, अगं, लहान होतीस तू. "हो, पण बाबा त्या दिवशी मला एक शब्द बोलला नाही," ईरा म्हणाली. "ओरडलासुद्धा नाही. ही जस्ट हेल्ड मी." आणि तिने माझ्याकडे पाहिलं, इतक्या मायेने की अनघाचे डोळे भरले.

मी ट्रे घेऊन तिथेच उभा होतो. सगळे माझ्याकडे बघत होते, आणि तोंड उघडायला मला कुणी अडवलेलं नव्हतं. तिने मारला नाही, मी मारला — एवढंच तर म्हणायचं होतं.

"चहा गार होतोय," मी म्हणालो. "घ्या."