पट्ट्याने बांधलेलं छत

आधीच सांगतो, मी अमावस्येला बिनधास्त नवीन गाडी घेणारा, रस्त्यावरच्या लिंबू-मिरचीवर मुद्दाम चाक घालणारा माणूस. शिक्षणाने इलेक्ट्रिशियन, अंधेरीला एमआयडीसीत पॅनल बनवायचं काम. वायरला करंट आला तर वस्तू चालते, नाही आला तर नाही... यापलीकडे जगात काही आहे असं मला कधी वाटलं नव्हतं. त्यामुळे हे लिहिताना लाज वाटतेय, पण ती अशा गोष्टीवर विश्वास बसल्याची नाही. कसली ते पुढे कळेलच.

आम्ही मुलुंड पूर्वेला राहतो. जुनी सोसायटी, लिफ्ट नाही. मी आणि माझा मित्र सचिन, दोघांनी मिळून गेल्या वर्षी एक सेकंडहँड मोटरहोम घेतली. आत बेड, गॅस, छोटं बेसिन असलेली गाडी. कुटुंबं घेऊन कोकणात फिरायचं, हा बेत. तिच्या एका बाजूला मोटरवर चालणारं ऑनिंग होतं. म्हणजे गाडीच्या टपाला लागून एक लांब पेटी, रिमोट दाबला की त्यातून दोन लोखंडी हात बाहेर येतात आणि त्यांच्यावर कापडाचं छत ताणलं जातं.

गाडी उभी करायला जागा मिळाली ती बी विंगच्या मागे. इमारतीच्या भिंतीला टेकून एक सिमेंटचा बाक आहे, त्याच्या समोर. त्या बाकावर माझी आई रोज दुपारी जेवण झालं की येऊन बसते. घरात उकडतं, मागे वारा असतो. लसूण सोलणं, तांदूळ निवडणं, सगळं तिथेच.

एका शनिवारी कामावरून आलो तर ऑनिंग उघडं. बरोबर बाकावर सावली धरून. खाली आई.

"आई, रिमोटला हात लावलास?"

"मी कित्याक हात लावतलंय त्येका?" आईची मालवणी अजून सुटलेली नाही. "आपसूक उघडला. माका वाटला, तूच येवन वरून दाबलंस."

मी हसलो आणि बंद केलं. दोन-तीन दिवसांनी परत तेच. सचिनला बोलावलं. त्याने डोकं खाजवलं.

"कोणाच्या तरी गेटचा रिमोट मॅच होतोय यार. नाहीतर स्विचमध्ये पाणी गेलंय."

दोन्ही तपासलं. रिमोट नव्याने जोडला, स्विच उघडून सुकवला, वर सिलिकॉन मारलं. एक हात जरा उंच राहत होता तोही सेट केला. मोटर मख्खन चालायला लागली. आणि दुसऱ्या दिवशी दुपारी... परत उघडं.

तेव्हा माझं डोकं सटकलं. बाकावर चार रिकाम्या बायका जमतात, आई त्यांना गंमत म्हणून बटण दाबून दाखवत असणार, असं मी मनात पक्कं करून टाकलं. तिच्या मैत्रिणींसमोर बोललो, "मोटर जळली ना, तर वाट लागेल. सावली पाहिजे तर छत्री घेऊन बस. खोटं कशाला बोलतेस?"

 आई लसणाची परात उचलून वर निघून गेली.

त्याच संध्याकाळी मी ऑनिंगचा फ्यूज काढून शर्टाच्या खिशात टाकला. तेवढ्यावर समाधान झालं नाही म्हणून सामान बांधायचे दोन जाड पट्टे पेटीभोवती गुंडाळून बकल आवळले. वर जाऊन आईला म्हटलं, "आता बघू कसं उघडतं."

दुसऱ्या दिवशी रविवार. जेवून आडवा झालो होतो. आई नेहमीसारखी खाली गेलेली. मागून काहीतरी पडल्याचा आवाज आला, आणि मग एका बाईची हाक. माझंच नाव. धावत खाली गेलो.

तिसऱ्या मजल्याच्या छज्ज्याचं प्लॅस्टर सुटलं होतं. थाळीएवढा तुकडा, आणि बाकीचा चुरा. आई बाकाशेजारी एका कुशीवर पडलेली, डोक्यावर उन्हासाठी घेतलेला पदर धुळीने पांढरा. तुकडा खांद्यावर बसला होता. शुद्धीवर होती. मी तिला धरलं, आणि तेव्हा मला तो आवाज ऐकू आला.

मोटरची घरघर.

वर बघितलं. ऑनिंग उघडायला बघत होतं. पेटीची पट्टी बोटभर पुढे आली होती, पट्टे तारेसारखे ताणलेले, लोखंडी हात आत वाकून थरथरत होते. तेवढ्यात सचिन धावत आला. तो बाजूच्याच विंगमध्ये राहतो. त्यानेही बघितलं. मग जळका वास आला आणि आवाज थांबला. त्याने मोटरवर हात ठेवला आणि झटकन काढला.

"फ्यूज कुठे आहे रे?"

मी खिशातून काढून दाखवला. त्या मोटरला दुसरीकडून करंट यायचा रस्ताच नाही. वायरिंग मी स्वतः केलंय.

आईचं खांद्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं, प्लेट बसली. हॉस्पिटलमध्ये पहिल्याच रात्री ती मला म्हणाली, "माझोच हात लागलो आसतलो खयतरी त्या रिमोटाक. तू मनाक लावून घेव नको."

रिमोट सगळे दिवस माझ्या ऑफिसच्या बॅगेत होता, आणि स्विच कुलूपबंद गाडीत. हे मला तेव्हाही माहीत होतं, ओरडलो तेव्हाही. पण तिच्यासमोर मी मान हलवली फक्त. तिने माझ्यासाठी गुन्हा अंगावर घेतला आणि मी तो घेऊ दिला.

कापडाने तो तुकडा अडला असता का? माहीत नाही. वेग तरी मेला असता. एवढं कळतं की ते छत रोज त्याच बाकावर येत होतं आणि मी ते बांधून टाकलं.

आई घरी आल्यावर एका दुपारी मी सगळं सांगितलं. बॅगेतला रिमोट, खिशातला फ्यूज, ताणलेले पट्टे, चटका बसेल इतकी तापलेली मोटर. म्हटलं, तू खोटं बोलत नव्हतीस. मीच मूर्ख होतो. मला वाटलं, आता मला काहीतरी बोलेल. बोलायलाच हवं होतं.

"बिचारो," ती म्हणाली. "किती ओढल्यान आसतला."

माझ्याबद्दल एक शब्द नाही.

छज्ज्याची दुरुस्ती झाली. नवी मोटर बसवली, त्यानंतर ऑनिंग एकदाही आपोआप उघडलेलं नाही. जुनी मोटर सचिनने खोलून बघितली, कॉइल जळून काळी झाली होती. कशाने जळली, हे तो सांगू शकला नाही, मीही नाही. इथे कोणाला वायरिंगमधलं माझ्यापेक्षा जास्त कळत असेल तर जरूर सांगा... खरंच सांगा. कुठेतरी लूज कनेक्शन होतं असं निघालं तर मला बरंच वाटेल. आईवर ओरडलो ते मात्र त्याने पुसलं जाणार नाही.