जिनिंगच्या रस्त्यावर अडकलेली व्हॅन

आमची जीप कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या फाटकाशी थांबली आणि ड्रायव्हर पळाले! एक-दोन नाही, झाडून सगळे! कापसानं भरलेल्या गाड्या रस्त्यावर तशाच सोडून कुणी कपाशीत शिरलं, कुणी तुरीत, कुणी नाल्यात. एकानं तर इंजिनसुद्धा बंद केलं नव्हतं. शेख हवालदारांनी ते बंद केलं आणि कपाळावर हात मारला.

"मॅडम, आपण आलो बांगलादेशी शोधाले. हे तर सारे मोताळ्याचे पोट्टे हायेत. हे काऊन पळून राह्यले?"

"शेखभाऊ, यांच्यातल्या किती जणांकडे लायसन असेल?"

"हाव, ते बी खरं," म्हणाले आणि मिशीतल्या मिशीत हसायला लागले.

मी तेव्हा मोताळ्याच्या बाजूला एका ठाण्यात फौजदार होते. वरून हुकूम आला होता, परदेशी नागरिक शोधा. बाहेरचे ट्रक ड्रायव्हर खास तपासा. आणि तो यायला मुहूर्त कोणता, तर ऐन कापसाच्या हंगामाचा! बीटी कपाशी नवी होती. पहिल्या वर्षी पीक बघून लोक खूश झाले, पण त्या साली लाल्या पडला. लाल्या म्हणजे पानं लाल पडून झाड वाळतं. जो कापूस हाती आला तो लवकर विकावा म्हणून सगळ्यांनी जिनिंगकडे धाव घेतली होती. त्यात आभाळ भरून आलेलं. कापूस भिजला की भाव गेलाच म्हणून समजा.

"ओ मॅडम!" एक शेतकरी कापसाच्या ढिगावरूनच ओरडला. "धरपकड उद्या करा नं! आमचा कापूस मोजू द्या आधी!"

एक जण मात्र पळाला नव्हता. टपरीवर लुंगी नेसून निवांत चहा पीत होता. बिमल त्याचं नाव. नागपूरच्या एका सेठचा ट्रक घेऊन कापसाच्या गाठी न्यायला आला होता. तो फोनवर बंगालीत बोलतो अशी टीप कुणीतरी दिली होती, आणि म्हणूनच आम्ही आलो होतो.

"तू का नाही पळालास?" मी विचारलं.

"मी काऊन पळू, मॅडम? चहाचे पैसे द्याचे आहेत."

मला हसू आलं. पण तेवढ्यात मागून मोठ्या साहेबांची व्हॅन आली आणि माझं हसू मावळलं. साहेब नुकतेच बदलून आलेले, आमच्या भागात नवे. बाकीच्या ठाण्यांनी माणसं दिली होती आणि आमचीच पाटी कोरी होती, याचा त्यांना भारी राग.

"कुठला तू?"

"गडचिरोलीचा आहो, साहेब."

"गडचिरोलीत बंगाली कुठून आले?"

"बंगाली कॅम्प आहे नं, साहेब. माझ्या आजोबाले सरकारनंच आणून बसवलं तिथं. जमीन देली."

"कॅम्प! ऐकलंत मॅडम? स्वतःच कबूल करतोय!"

अहो, काय कबूल करतोय? फाळणीनंतर सीमेपलीकडच्या बंगालमधून आलेल्या कितीतरी कुटुंबांना सरकारनं आपल्याच चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात वसवलं. त्यांची नातवंडं मराठी शाळेत शिकली. मी ते सांगायला तोंड उघडलं, तर साहेबांनी हातानंच गप्प केलं. माझं डोकं असं सणकलं म्हणता!

"लायसन?" त्यांनी बिमलला विचारलं.

"सेठकडे आहे. ओरिजनल तेच ठेवून घेतात. ड्रायव्हर गाडी टाकून पळू नये म्हणून." हे खरं होतं. बरेच मालक असंच करायचे. पण सेठ काही फोन उचलेना. इलेक्शन कार्ड घरी. अंगावर कागद म्हणावा असा एकही नाही.

"बसवा व्हॅनमध्ये," साहेब म्हणाले. "आज संध्याकाळी बाकीच्यांबरोबर मलकापूरहून रेल्वेनं रवाना. पुढचं सीमेवरचे बघतील."

आता बिमलचा चेहरा उतरला. एकदा तो रेल्वेत बसला की त्याला परत आणणं माझ्या हातात राहणार नव्हतं. सीमेवर कोण कुणाला विचारतो? आपल्याच माणसाला आपणच देशाबाहेर ढकलायचं! शिपायानं त्याला व्हॅनमध्ये चढवलं, तसा तो दाराला धरून जिवाच्या आकांतानं ओरडला, "साहेब, आमच्या पोलीस पाटलाले विचारा! हलदर पाटलाले विचारा!"

माझे कान टवकारले. पोलीस पाटील म्हणजे ठाण्याचा गावातला माणूस. गावात कोंबडी चोरीला गेली तरी लोक आधी त्याच्याकडे जातात. कोण नवीन आलं, कोण बाहेर गेलं, सगळं त्याला ठाऊक असतं. कुणी शिकवून पाठवलेला असता तर आमदाराचं नाव घेतलं असतं, सरपंचाचं घेतलं असतं. घाबरलेल्या माणसाच्या तोंडी पोलीस पाटील येतो तो लहानपणापासून पाहिलेला असतो म्हणूनच!

"सर, हा आपला आहे! पैज लावते!"

"पैजा लावून सरकार चालत नाही, मॅडम. त्याच्या ठाण्याचा वायरलेस मेसेज आणा, सोडतो. पण मी थांबणार नाही. चला, गाडी काढा."

पण गाडी निघणार कुठून? पुढे कापसाचे टेम्पो, मागे कापसाचे ट्रक, आणि एकाही गाडीवर ड्रायव्हर नाही. आम्हीच पळवून लावले होते ना! साहेबांची व्हॅन मधोमध गच्च अडकली. मला नाचावंसं वाटलं.

मी जिनिंगच्या ऑफिसकडे पळत सुटले. बिमलला त्याच्या गावातल्या किराणा दुकानाचा फोन नंबर पाठ होता. तीनदा लावला तेव्हा कुठे लागला. दुकानदारानं पाटलाला हाक मारली. मी एका दमात सगळं सांगितलं.

"बिमल? आमचा बिमल?" हलदर पाटील ओरडले. "त्याचं नाव मीच ठेवलं, मॅडम! थांबा, निघालो ठाण्यावर!" आणि फोन आपटला. ठाणं गावापासून बरंच लांब होतं, मध्ये जंगल.

बाहेर येऊन बघते तर काय! साहेबांनी शेखभाऊंना भोंगा धरायला लावला होता.

"ड्रायव्हर बंधूंनो, बाहेर या! लायसन कोणी पाहणार नाही!"

कपाशीतून आवाज आला, "आईची शपथ घ्या!"

"आईची शपथ!"

"तुमची नाही, हवालदारसाहेब! मोठ्या साहेबाले घेऊ द्या!"

साहेब लालबुंद झाले. शपथ काही घेतली नाही, आणि तास उलटला तरी कुणी बाहेरही आलं नाही. मघाचा तो शेतकरी ढिगावरूनच म्हणाला, "इतका चांगला ड्रायव्हर व्हॅनीत बसवून ठेवला बे तुमी! त्यालेच काढू द्या की गाड्या."

दुसरा इलाजच नव्हता. बिमलला खाली उतरवलं. मी जवळ जाऊन हळूच म्हटलं, "सावकाश काढ रे बाबा. घाई नको."

त्यानं मान डोलावली. पण तो हाडाचा ड्रायव्हर! गाडी हळू काढणं त्याच्या हाताला जमेचना. पहिला ट्रक एका झटक्यात मागे घेतला, नेमका फाटकातून आत घातला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दुसरा त्याहून लवकर. टाळ्या ऐकून गडी रंगातच आला! मी मनातल्या मनात ओरडत होते, अरे मूर्खा, स्वतःच्याच देशाबाहेरचा रस्ता मोकळा करतोयस!

शेवटी एकच टेम्पो राहिला. साहेब व्हॅनमध्ये जाऊन बसलेसुद्धा. बिमलनं टेम्पोची चावी फिरवली, आणि त्याच वेळी आमच्या जीपमधला वायरलेस खरखरला. शेखभाऊ धावले. मी त्यांच्या पुढे धावले.

"सदर इसम या ठाण्याच्या हद्दीतील रहिवासी. पोलीस पाटील समक्ष हजर. ओळख पटली."

"आला! सर, मेसेज आला!" मी इतक्या मोठ्यानं ओरडले की कपाशीतले ड्रायव्हर उठून उभे राहिले. बिमल स्टिअरिंगवर डोकं टेकून ढसाढसा रडला. माझेही डोळे भरून आले, लपवत नाही.

साहेबांनी मेसेज दोनदा ऐकला आणि म्हणाले, "सोडा त्याला." माणूस वाईट नव्हता. मग रिपोर्ट पक्का करावा म्हणून त्यांनी जिनिंगच्या ऑफिसमधून त्या ठाण्यावर फोन लावला. हलदर पाटील अजून तिथेच होते.

"तुमच्या ओळखपत्राचा नंबर सांगा, पाटील. रिपोर्टमध्ये लिहायचाय."

पलीकडून आवाज इतका खणखणीत आला की मला शेजारी ऐकू आला. "ओळखपत्र? ते तर अजून भेटलंच नाही, साहेब! कधीचा अर्ज करून राह्यलो. तुमच्या ओळखीनं काही होते का, पाहा नं!"

साहेबांनी फोन ठेवला आणि पेनाला टोपण लावलं. मी ओठ घट्ट दाबून उभी होते. शेवटी तेच म्हणाले, "मॅडम, हसा."

मोताळ्याचे ड्रायव्हर व्हॅन दिसेनाशी झाल्यावरच बाहेर आले. तोवर बिमलनं सगळ्यांच्या गाड्या आत लावल्या होत्या. पाऊस आला तेव्हा एकाचाही कापूस बाहेर नव्हता. पुढे तपासाला आलेल्या प्रत्येक नव्या पोराला मी हेच सांगत आले, की माणूस कुठला हे कळत नसेल तर आधी त्याच्या पोलीस पाटलाला फोन लाव, पण पाटलाकडे ओळखपत्र मागू नकोस.