अंधारबाई आणि माझी टॉर्च

कुठल्याही खोलीत शिरल्या की आमच्या फिजिक्सच्या मॅडम आधी दिवा घालवत. म्हणून तलासरीच्या कॉलेजात त्यांचं नाव अंधारबाई. डहाणूहून एसटीने येत, तेही जागा असताना उभ्याने. शिकवता शिकवता वर्गाबाहेर व्हरांड्यात पोचत; आम्ही वह्या घेऊन मागे. गप्प बसत त्या फक्त अंधारात.

अंधार नसला तर बरोबर आणत. भर दुपारी, घामाच्या धारांत, त्यांनी आम्हाला जाड गोधडीखाली बसवलं. "डोळ्यांना जरा वेळ द्या रे. आत्ताच उन्हातून आलेत बिचारे." मग पकडीने खडीसाखर फोडली आणि निळसर ठिणगी चमकली. मला ती पुन्हा बघायची घाई. घरी अंधारात आरशासमोर खडीसाखर चावली.

"दिसली का ठिणगी?" मॅडमनी विचारलं.

"दाढ तुटली, मॅडम."

"म्हणजे डोळे मिटले असशील."

मिटलेच होते.

"चमकायला साखरेला फोडावं लागतं, छतावर चिकटवायच्या प्लास्टिकच्या चांदण्यांना आधी दिवा खाऊ घालावा लागतो, समुद्रातल्या चमकत्या लाटेला डिवचावं लागतं. काजवा आपला आपणच. तुझं काय करायचं ते मात्र मला कळलेलं नाही." मलाही कळलं नाही; मी आशागडला मोबाईलचं दुकान टाकलं.

निवृत्तीनंतर मुलगा त्यांना पुण्याला नेणार होता. जायच्या आदल्या दिवशी दुकानात आल्या, सवयीने दिव्याचं बटण बंद केलं. "चमकणारी लाट जन्मभर शिकवली, पाहिली नाही. दाखवतोस?"

दिवेलागणीनंतर त्यांना स्कूटरवरून वरोरच्या किनाऱ्यावर नेलं. अमावास्या होती. मॅडम घोटाभर पाण्यात निश्चल उभ्या. मला धीर कुठला! पाणी चमकतंय का ते बघायला मी टॉर्च लावली.

"अरे गाढवा, काजवा शोधायला मशाल?"

पुन्हा वाट पाहिली. पुन्हा मी मोबाईलमध्ये किती वाजले ते पाहिलं. शेवटी मुलाचा फोन आला, सामान बांधायचं राहिलं होतं. लाट न पाहताच त्या पुण्याला गेल्या.

गेल्या हिवाळ्यात वरोरचा एक मच्छीमार भिजलेला फोन घेऊन आला. "भाऊ, पाणी पेटलंय तिकडे." मी शटर ओढून पळालो. पाण्यात पाय टाकला तिथे निळा उजेड! लगेच फोन लावला.

"मॅडम, दिसतंय! व्हिडिओ कॉल करू?"

"नको. रंग कसा आहे?"

"खडीसाखरेचा."

"इथे रस्त्यावरचा दिवा रात्रभर खोलीत येतो रे. खिडकीला गोधडी लावलीय." मग म्हणाल्या, "फोन खिशात घाल. चालू राहू दे. आणि पाण्यात पाय आपट."

मी पाय आपटत राहिलो. खिशातून आवाज येत नव्हता. मॅडम गप्प होत्या.