होडीला लावलेलं स्टिअरिंग

पेट्रोलमध्ये ऑइल मिसळल्याचा वास आला की मला पेणमधलं इंजिनांचं ते दुकान आठवतं. बाबांना मिठागरावर जायच्या सपाट होडीला मोटर घ्यायची होती, आणि तिच्याबरोबरचं इंग्रजी पुस्तक वाचायला त्यांनी मला नेलं होतं. दुकानदार मागं बसून दांड्यानं वळवायचं इंजिन दाखवायलाच तयार नव्हता. "स्टिअरिंग घ्या, गाडीत बसल्यासारखे ऐटीत पुढं बसाल." मी हळूच म्हटलं, "बाबा, ओहोटीला चिखल लागला की इंजिन पटकन उचलावं लागतं. तुम्ही एकटे पुढं बसलात तर मागं कोण उचलणार?" दुकानदार हसला. "इंग्लिश मीडियमची मॅडम आता खाडी शिकवणार! होडी तू चालवणार हायस काय गो?" मी पुन्हा तेच सांगितलं, तेव्हा चार गिऱ्हाइकांदेखत बाबा खेकसले, "गप ऱ्हा." त्यांनी स्टिअरिंग घेतलं. पहिल्याच ओहोटीला मी बांधावरून पाहत होते. बाबा चाक सोडून मागं पोचेपर्यंत पंखा चिखलात रुतून मोडला. गुडघाभर चिखलात होडी ढकलताना ते माझ्यावरच ओरडले, "कळत होतं तर मोठ्यानं का नाय बोललीस?" मी दोनदा बोलले होते. तेव्हा घाबरून मी ते सांगितलं नाही, आणि आता सांगून त्यांचं मन दुखवावं असं मला वाटत नाही.