ओढ्याअलीकडच्या दोन पाट्या

आधीच सांगते, माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच जमलं नाही. शाळा चौथीपर्यंत झाली, पुढे लिहायचा प्रसंग आला तो वाण्याच्या यादीपुरता. हे मी कुणाला दाखवायला लिहीत नाही. आमचे हे लोहमार्ग पोलिसांत होते, इन्स्पेक्टर म्हणून निवृत्त झाले. मागे एका दिवाळी अंकाने त्यांच्याकडून आठवणी मागवल्या, तेव्हा यांनी खून लिहिला, दरोडा लिहिला, गाडीत गुंगीचं औषध देणारी टोळी लिहिली. मी विचारलं, "आणि आपली ती पॅसेंजर?"

हे म्हणाले, "त्यात काय आहे लिहिण्यासारखं? ना पिस्तूल, ना पाठलाग. तुला एवढं वाटतं तर तूच लिही."

म्हणून लिहिते. त्या गाडीचा अपघात माझ्या मनातून इतक्या वर्षांत हललेला नाही. यांच्या सगळ्या नोकरीत मी पाऊल टाकलेली ती एकच केस.

तेव्हा आम्ही शनिवार पेठेत दोन खोल्यांत राहत होतो. पुण्यात जिकडेतिकडे कॉम्प्युटरचे क्लास निघाले होते आणि ज्याला त्याला कुठेतरी लवकर पोचायचं होतं. थंडीचे दिवस. पहाटे पुण्याकडे येणारी एक पॅसेंजर गाडी शहराच्या अलीकडे एका ओढ्यावरच्या छोट्या पुलावर रुळांवरून घसरली. दोन डबे कलंडले. माणूस गेला नाही हे नशीब, पण बरेच जण जखमी झाले. विदर्भातून क्लाससाठी आलेल्या एका मुलाचा पाय कायमचा अधू झाला. तो सदाशिव पेठेत खोली घेऊन राहायचा.

पुलाचं काम चालू होतं. अशा वेळी रुळांच्या कडेला दोन पाट्या लावतात. पहिली पाटी सांगते, इथून गाडी हळू करा. दुसरी सांगते, आता वेग वाढवायला हरकत नाही. पहिली पुलाच्या आधी, दुसरी पूल ओलांडल्यावर. मधल्या पट्ट्यात ताशी दहाच्या वर जायचं नाही. ड्रायव्हरला हे लेखीही देतात, कुठल्या किलोमीटरपासून कुठल्या किलोमीटरपर्यंत ते.

इंजिनात एक कागद असतो, त्यावर सुई गाडीच्या वेगाची रेघ ओढत जाते. तो कागद काढला तर पुलावर गाडी चांगलीच वेगात होती. झालं. वर्तमानपत्रांत ड्रायव्हर बेफिकीर ठरला. गाड्यांचा वेग वाढवायच्या गोष्टी करता आणि हळू जा म्हटलं तर जमत नाही, असे टोमणेही छापून आले. ड्रायव्हर निलंबित झाला. निष्काळजीपणाचा गुन्हा दाखल झाला आणि तपास यांच्याकडे आला. रेल्वेची चौकशी वेगळी चालू होती.

ड्रायव्हर पन्नाशीतला माणूस. दोन मुलींची लग्नं व्हायची होती. ठाण्यात तो रडला नाही, की ओरडला नाही. एकच सांगत राहिला. "साहेब, धुकं होतं. पहिली पाटी दिसली, गाडी दहावर आणली. दुसरी पाटी मागे पडली, शेवटचा डबाही तिच्यापुढे निघाला, मग वेग दिला. पूल झाला असणार असंच मी धरलं."

"कागदावर किलोमीटर लिहिलेले होते ना?"

"होते साहेब. धुक्यात खांबावरचे आकडे दिसत नाहीत. पाटी पाहून गाडी चालवली, ही माझी चूक. पण पाटी होती."

पंचनाम्यात मात्र दोन्ही पाट्या जिथे हव्यात तिथेच सापडल्या होत्या. म्हणजे ड्रायव्हर खोटं बोलतोय, असं ठाण्यातल्या सगळ्यांचं मत झालं. हवालदार तर म्हणाला, "साहेब, चार्जशीट लिहायला घेऊ का? उगीच शाई वाळते."

रात्री जेवताना हे मला म्हणाले, "मला एक कळत नाही. कागदावरची रेघ आधी दहावर आलीये. बराच वेळ दहावर राहिलीये. मग वर गेलीये. ज्याला नियम पाळायचाच नव्हता, त्याने गाडी आधी हळू केलीच कशाला?"

मी भाजी वाढत होते. म्हटलं, "हळू केली, पण चुकीच्या जागी केली असेल."

यांनी ते मला पुन्हा म्हणायला लावलं. मी काही मोठं बोलले नव्हते, तेच म्हणाले होते ते मी उलटून सांगितलं. पण दुसऱ्या दिवशी हे हवालदाराला घेऊन रुळांच्या कडेने चालत निघाले. पुलापासून मागे, जिकडून गाडी आली तिकडे. पुलाजवळ मातीचा भराव उंच होता, धड उभं राहायला जागा नाही. बरंच मागे आल्यावर एक वाडी लागली. तिथे जमीन रुळांच्या बरोबरीला येते. वाडीतून रुळांपर्यंत पायवाट मळलेली होती आणि वाटेच्या टोकाला कोथिंबिरीच्या सुकलेल्या काड्या, मेथीचा पाला, डोक्यावर टोपलीखाली ठेवतात ती चिंधीची चुंबळ पडलेली. जवळच एक खड्डा होता, भोवती दगड रचलेले, पण त्यात उभं काहीच नाही. परत पुलाच्या दिशेने येताना, पण पुलाच्या अलीकडेच, तसाच दुसरा खड्डा दिसला.

हवालदार म्हणाला, "साहेब, पोरांनी खेळायला खणले असतील."

"पोरं खड्डा खणतात. दगड रचून पाचर मारत नाहीत," हे म्हणाले.

वाडीत विचारलं तर सगळ्यांचं एकच उत्तर. "आमास्नी काय ठावं न्हाई." गणवेश पाहिला की माणसं अशीच बोलतात, हे यांना ठाऊक होतं. म्हणून घरी येऊन मला म्हणाले, "उद्या पहाटे त्या पॅसेंजरने येशील का? बायकांच्या डब्यात बसायचं. काही विचारायचं नाही. नुसतं ऐकायचं."

"मी? मला तर शेजारणीशी बोलतानासुद्धा घाम फुटतो."

"म्हणूनच," हे म्हणाले. "तुझ्यापुढे कुणी सावध होणार नाही."

त्याच संध्याकाळी आम्ही वाडीच्या बऱ्याच पलीकडे, त्याच लाइनवरच्या एका गावी जाऊन मुक्काम केला आणि पहाटे गाडीत बसलो. हे साध्या कपड्यांत शेजारच्या डब्यात. रूळ दुरुस्त झाले होते, पुलाचं काम अजून चालूच होतं. वाडीपलीकडच्या स्टेशनवर भाजीवाल्या बायका चढल्या. टोपल्या आत ढकलत, धापा टाकत. एक जण माझ्याशेजारी बसली. तरतरीत, कपाळावर मोठं कुंकू. मला म्हणाली, "सरका जरा बाई. पाय गेले माझे. एवढं ओझं घेऊन पार टेसनापत्तोर चालायचं म्हंजे."

समोरची हसली. "मग घरात सांग की. कुणाचा नवरा कंदील लावतोय? आण म्हणावं पाटी मागं पयल्यासारखी. दारात गाडी येत हुती तवा लई मिरवत हुतीस."

"गप बस ग भवाने!" शेजारची एकदम म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता. मग माझ्याकडे पाहून उगीच हसली आणि टोपलीतल्या मटाराच्या मूठभर शेंगा माझ्या ओटीत टाकल्या. "खावा बाई. गोड हाईत."

मी शेंगा सोलून खाल्ल्या. खरंच गोड होत्या. पुणं येईपर्यंत मी खिडकीबाहेर बघत राहिले आणि मनात एकच चाललं होतं, हिने मला शेंगा दिल्या आणि मी हिचं गुपित घेऊन चालले आहे. स्टेशनवर उतरल्यावर यांनी विचारलं, "काही?" क्षणभर वाटलं, नाही म्हणावं. मग तो ड्रायव्हर आठवला. त्याच्या मुली आठवल्या. मी सांगितलं.

पाट्यांवर रात्री कंदील लावायला रेल्वेने वाडीतलाच एक माणूस रोजंदारीवर ठेवला होता. ती त्याची बायको. पंचनाम्यात साक्षीदार म्हणून त्याचाच अंगठा होता, पाट्या जागेवर आहेत असं सांगणारा. यांनी त्याला ठाण्यात बोलावलं. आवाज चढवला नाही. समोर चहा ठेवला आणि विचारलं, "पहिली पाटी वाडीपाशी का आणलीस ते मला कळलं. गाडी हळू झाली की बायकांना चढता येतं. पण दुसरी का हलवलीस?"

हेच यांना सुटत नव्हतं. पहिली एकटीच मागे आणली असती तर गाडी वाडीपासून पूल संपेपर्यंत हळूच गेली असती. काही झालं नसतं.

त्याने कप उचलून परत खाली ठेवला. मग म्हणाला, "साहेब, एकच हलवली असती तर गाडी लई लांबवर रांगली असती. लेट झाली असती. गाडीत कंपनीत जाणारी माणसं असत्यात, क्लासची पोरं असत्यात. त्यांचा खाडा हुईल म्हनून दुसरीबी तेवढीच मागं आणली."

"आणि पूल?"

"पुलावर दिवसा माणसं कामाला असत्यात. त्यांना लागू नये म्हनून गाडी हळू जाती, असं मला वाटलं. पहाटं तितं कोन बी नसतंय. गाडी गेली की मी पाट्या परत जाग्यावर न्यायचो. कामाची माणसं यायच्या आत."

अपघात झाल्यावरही तो धावत गेला होता तो आधी पाट्यांकडे. पाट्या जागेवर ठेवून मग डब्यांतली माणसं बाहेर काढायला लागला. खिडकीच्या काचेने त्याचा एक हात फाटला होता, चहाचा कप तो दुसऱ्या हाताने धरत होता.

पुलावरचे जुने स्लीपर, म्हणजे रुळांखालचे आडवे वासे, काढायला घेतलेत, खाली तात्पुरते ओंडके आहेत, हळू जायचं ते त्यांच्यासाठी, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. आधीच्या पहाटांना गाडी कशीबशी निभावली, त्या पहाटे ओंडके सरकले. त्याचं काम कंदील लावायचं. कंदील लावणाऱ्याला कारण कोण सांगतं?

त्या दिवशी यांनी ताट तसंच सरकवलं. म्हणाले, "वेग किती होता, हे सगळ्यांनी विचारलं. गाडी हळू कुठे झाली, हे मी विचारलं. आणि पाटी का उभी आहे, हे त्या माणसाला सांगावं असं आपल्यापैकी एकालाही वाटलं नाही. यापुढे मी कुणाला काम सांगेन तेव्हा कारणही सांगेन." आणि खरंच, पुढे नव्या शिपायाला साधं दारावर उभं केलं तरी का उभं केलंय ते हे सांगायचे. हवालदार कुजबुजायचे, "साहेबांचं आता कीर्तन सुरू झालं."

कंदीलवाल्याला शिक्षा झाली. त्याने कोर्टात सगळं कबूल केलं. ड्रायव्हरवरचा गुन्हा मागे घेतला गेला. लेखी किलोमीटर न पाहिल्याबद्दल रेल्वेने त्याला समज दिली आणि कामावर घेतलं, पण निलंबनातला अडकलेला पगार काही सुटेना. तो दर थोड्या दिवसांनी कचेरीत खेटे घालायचा.

मध्ये एकदा मंडईत मी भाजी घेत होते. समोर तीच बाई बसलेली. कुंकू पूर्वीएवढंच मोठं. मी वळणार तोच तिने हाक मारली. "अहो बाई, खिडकीपाशी बसलेल्या तुम्हीच ना?"

मी "हो" म्हटलं.

मला वाटलं आता चारचौघांत शिव्या घालेल. तिने तराजू उचलला. "मटार किती देऊ?"

मी अर्धा किलो घेतला. तिने मापात काही कमी केलं नाही आणि वर एक शेंगही टाकली नाही.

पुढच्या वर्षी एका रविवारी तो ड्रायव्हर घरी आला. हातात पेढ्यांचा पुडा. बसल्याबसल्या यांना विचारलं, "साहेब, तो कंदीलवाला सुटला का हो?"

"अजून काही महिने आहेत."

"सुटला की मला कळवा. त्याला भेटायचंय."

"त्याच्यामुळे तुमची नोकरी जात होती," हे म्हणाले.

"ते आहेच," ड्रायव्हर म्हणाला. "पण तेवीस वर्षं गाडी चालवतोय साहेब. माझ्या गाडीला उशीर होऊ नये म्हणून कुणी काही केल्याचं तेव्हा पहिल्यांदाच ऐकलं. पुलावर गाडी हळू का न्यायची, ते त्याला मी सांगणार आहे. आपल्या तोंडाने."

मग त्याने पेढ्यांचा पुडा माझ्या हातात दिला. मी विचारलं, कसले पेढे. तो म्हणाला, "अडकलेला पगार काल मिळाला वहिनी. सगळा."